उधारीचें कार्ड आणि गृहस्थाची पत

उधार हा शब्द आपल्या घरांतून दबक्या आवाजांतच उच्चारला जात असे. माझ्या लहानपणीं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत आई मला वाण्याच्या दुकानीं पाठवी, तेव्हां पिशवीबरोबर तांबड्या पुठ्ठ्याची एक लांबट वही हातीं देई. वाणी त्या वहींत डाळ, गूळ, तेल यांचे आंकडे मांडी. पगाराच्या दिवशीं वडील कचेरींतून परततांना वाटेंतच तें सारें देणें फेडीत, आणि घरीं आल्यावर "वाण्याचें फेडलें" एवढें सांगून मगच हातपाय धुवून पानावर बसत. तें वाक्य ऐकलें म्हणजे आईचा चेहरा खुले. त्या वेळीं मला त्याचें कारण कळत नसे.

त्या वहीची जागा आतां पत्त्याच्या पानाहून लहान अशा एका चिवट कार्डानें घेतली आहे. मुलुंड स्थानकाबाहेर किंवा एखाद्या मोठ्या दुकानाच्या दारांत गळ्यांत ओळखपट्टी अडकविलेला तरुण सामोरा येतो आणि "काका, कार्ड घ्या ना, पहिलें वर्ष फुकट आहे" अशी गळ घालतो. बिचाऱ्यास दिवसाकाठीं अमुक अर्ज भरून आणावयाचे असतात. त्याचा राग येऊन उपयोग नाहीं. परंतु तो जें फुकट म्हणतो त्याची किंमत कोठें छापलेली असते, हें ज्यानें त्यानें शोधलें पाहिजे. क्रेडिट कार्ड ही वस्तुच त्याज्य आहे असें सांगण्याचा माझा हेतु नाहीं. मजपाशींहि एक आहे. तें कसें वापरूं नये हें मात्र मी स्वतःच्या पैशानें शिकलों, आणि तो धडा इतरांस स्वस्तांत मिळावा म्हणून हा लेखनप्रपंच.

'किमान' या शब्दाचा अर्थ

२०२३ च्या पावसाळ्यांत माझी हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. विम्यानें कांहीं भार उचलला. उरलेले सुमारें एक लाख वीस हजार रुपये इस्पितळांतून घरीं सोडण्याच्या दिवशीं भरावयाचे होते. चिरंजीव बंगळुरास असतो, त्याला ऐनवेळीं कशाला त्रास द्यावा, या विचारानें मीं कार्ड पुढें केलें. आंकडा दाबला, कागद बाहेर आला, आणि आम्ही रिक्षांत बसून घरीं आलों. एवढी मोठी रक्कम इतक्या सहज दिली गेली याचें मला त्या दिवशीं कौतुकच वाटलें.

पुढें मासिक विवरण आलें. त्यांत दोन आंकडे होते. एकूण देय रक्कम एक लाख वीस हजार, आणि किमान देय रक्कम सहा हजार. छत्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें आणि शब्दाचा अर्थ संदर्भावरून कसा काढावा हें मुलांना घोकून घेऊन सांगितलें. त्याच मास्तरानें 'किमान' शब्दाचा अर्थ असा घेतला कीं, निदान एवढें भरावें, म्हणजे आपण आपलें कर्तव्य केलें. उरलेल्या रकमेवर व्याज पडेल हें ठाऊक होतें; पण तें बँकेच्या इतर कर्जाप्रमाणें सालीना शेंकडा दहा-बारा असेल असें मीं मनाशीं धरून चाललों. खरा दर विवरणाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपांत छापलेला होता. तो मीं वाचला नाहीं. यांत बँकेनें मला फसविलें असें म्हणतां येणार नाहीं.

आमच्या घरीं जमाखर्चाची वही सौभाग्यवती लिहिते. पांच महिने तिनें 'दवाखाना, हप्ता' अशी नोंद केली. सहाव्या महिन्यांत लेखणी थांबवून तिनें विचारलें, "अहो, हा हप्ता एकंदर किती महिन्यांचा आहे?" मला उत्तर देतां आलें नाहीं. ज्या हप्त्याला शेवट नाहीं त्याला हप्ता म्हणतच नाहींत, हें तिच्या प्रश्नानें ध्यानांत आलें.

दुसऱ्या दिवशीं आमच्याच सोसायटींत राहणाऱ्या व बँकेंत नोकरीस असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला तीं सगळीं विवरणें दाखविलीं. तो संकोचून म्हणाला, "सर, व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे. महिन्याला, सर." मग त्यानें कागदावर हिशेब मांडला. पांच महिन्यांत मीं जवळजवळ तीस हजार रुपये भरले होते. ऋण उतरलें होतें तें फक्त नऊ हजारांनीं. वीस हजारांहून अधिक रक्कम व्याजांत व त्या व्याजावरील अठरा टक्के जी.एस.टी.त गेली होती. शिल्लक एक लाख अकरा हजारांच्या घरांत होती. तिच्यावर महिन्याचें व्याज सुमारें तीन हजार नऊशें, त्यावर कर सातशें. म्हणजे पावणेसहा हजारांचें किमान देणें भरलें तरी मुद्दलांतून जेमतेम बाराशें कमी व्हावयाचे. आणि शिल्लक घटेल तसतसें किमान देणेंहि घटत जातें, त्यामुळें फेड अधिकच मंदावते. याच गतीनें चाललों असतों तर तें ऋण निम्म्यावर येण्यास पांच वर्षांहून अधिक काळ लागला असता; आणि तेंहि त्या काळांत कार्डावर एक पैशाचीहि नवी खरेदी केली नाहीं तर!

याहून मोठा मूर्खपणा पुढेंच आहे. त्याच वेळीं बँकेंत माझी दीड लाखाची मुदत ठेव होती. सौभाग्यवतीला काशीस जावयाचें होतें, म्हणून ती आम्हीं बाजूला ठेविली होती आणि तिला हात लावावयाचा नाहीं असा माझा निर्धार होता. त्या ठेवीवर मला सालीना शेंकडा सात मिळत होते आणि कार्डावर मी शेंकडा बेचाळीस देत होतों. उजव्या हातानें सात घ्यावे आणि डाव्या हातानें बेचाळीस द्यावे, याला काटकसर म्हणावयाची काय? मीं हें तिला सांगितलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "मोडा ती ठेव. काशी काय पळून जाते आहे?" ठेव मोडली, ऋण फेडलें, यात्रा लांबणीवर पडली.

शब्दाचें कूळ आणि कार्डाचा जन्म

'क्रेडिट' हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ विश्वास ठेवणें असा आहे, आणि आपला 'श्रद्धा' हा शब्द त्याचा सगोत्र आहे असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपला 'उधार' हा शब्द संस्कृत 'उद्धार' या शब्दापासून आला आहे. श्रद्धा आणि उद्धार या दोन पवित्र शब्दांची भावंडें बाजारांत येऊन बसलीं आहेत, ही गोष्ट मोठी सूचक आहे. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवितो त्याची पत, आणि तो विश्वास पाळतो तो पतवान. पाणिनीनें तर ऋणको ज्याचें देणें लागतो त्या उत्तमर्णाला चतुर्थी विभक्ति लावावी असा स्वतंत्र नियम केला आहे. म्हणजे व्याकरणांतसुद्धां धनको कोण हें वाक्यांत दिसलें पाहिजे. कार्डाच्या व्यवहारांत नेमका तोच दिसेनासा होतो. दुकानदाराला पैसे मिळाले, वस्तु आपल्या पिशवींत आली. मग आपण देणेंकरी कोणाचे, हें मनाला जाणवतच नाहीं.

शिक्षकांच्या पतपेढींतून मीं दोनदां कर्ज काढलें होतें. आपल्या देशांत सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ सालीं झाला, आणि पगारदार माणसाचा मोठा आधार या संस्थांनीं दिला. तेथें दोन सहकाऱ्यांच्या जामीनकीच्या सह्या लागत, समितींतले वडीलधारे "कशासाठीं हवें?" असें विचारीत. तो प्रश्न तेव्हां टोंचे. आतां वाटतें, तो प्रश्न हेंच त्या कर्जाचें संरक्षण होतें. कार्ड तो प्रश्न विचारीत नाहीं; म्हणून तो आपणच आपल्याला विचारावा लागतो.

आजच्या कार्डाचा जन्म अमेरिकेंतला. १९५० सालीं न्यूयॉर्क येथें डायनर्स क्लब निघाला. त्याचें कार्ड उपाहारगृहांत दाखवावें आणि महिनाअखेर सर्व देणें एकरकमी फेडावें, असा त्याचा परिपाठ होता. आमच्या वाण्याच्या वहीशीं तो तंतोतंत जुळतो. १९५८ सालीं कॅलिफोर्नियांतील एका बँकेनें फ्रेस्नो शहरांतील सुमारें साठ हजार लोकांस त्यांनीं न मागतां कार्डें टपालानें पाठविलीं, आणि सर्व रक्कम न फेडतां थोडी थोडी फेडण्याची मुभा दिली. या मुभेंतच व्याजाचें सारें बीज आहे. भारतांत हीं कार्डें साठोत्तरी काळांत श्रीमंतांपुरतीं आलीं; बँकेचें पहिलें कार्ड मुंबईच्या सेंट्रल बँक ऑफ इंडियानें १९८० सालीं काढलें.

सव्वा आणि साडेतीन

आपल्या पूर्वजांनीं व्याजास पाप मानलें नाहीं; त्यास मर्यादा घातली. मनु व नारद यांच्या स्मृतींत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत त्यांत पहिलें पद ऋणादानाचें आहे. दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा, हा धर्म्य दर होय. कौटिल्यानेंहि दरमहा शेंकडा सव्वा पण हाच दर धर्म्य ठरविला. व्यापाऱ्यास पांच, अरण्यमार्गानें जाणाऱ्यास दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यास वीस अशी चढती भाजणी त्यानें सांगितली आहे, कारण त्या वाटांवर माल व माणूस दोन्हीं बुडण्याचें भय असे. आतां पाहा. मुलुंडांत आपल्या घरीं बसलेला, ना अरण्यांत गेलेला ना समुद्रावर, असा एक निवृत्त शिक्षक दरमहा साडेतीन देत होता. धर्म्य दराच्या पावणेतीनपटीहून हें अधिक झालें.

दामदुपटीचा नियमहि वाचकांस ठाऊक असेल. व्याज कितीहि सांचलें तरी एका वेळीं मुद्दलाहून अधिक वसूल करतां येऊं नये, असा हा हिंदु व्यवहारशास्त्रांतील जुना दंडक. मुंबई इलाख्यांतील न्यायालयें तो मानीत असत, आणि खाजगी सावकारीवर नियंत्रण घालणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यांतहि त्याचा अंश आहे. सव्वाच्या दरानें मुद्दलाइतकें व्याज होण्यास ऐंशी महिने लागतात. साडेतीनच्या दरानें एकोणतीस महिन्यांतच तें होतें. परंतु बँका त्या सावकारी कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, म्हणून त्या दंडकावर विसंबून कोणी राहूं नये.

न्यायालयांतहि या प्रश्नाचा ऊहापोह झाला आहे. सालीना शेंकडा तीसहून अधिक व्याज कार्डावर घेणें ही अनुचित व्यापारपद्धति होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानें जुलै २००८ मध्यें दिला होता. डिसेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. म्हणजे तीसाची ती भिंत उरली नाहीं. आतां आपलें रक्षण आपल्या वाचनानेंच व्हावयाचें.

वाचनाचें महत्त्व आपल्या महाराष्ट्रानें पूर्वीं फार मोठी किंमत देऊन जाणलें आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांचा उठाव झाला. लोकांचा रोख सावकारांच्या कागदांवर होता. गांवोगांवीं खतें आणि रोखे हिसकावून जाळण्यांत आले. वाचतां न येणाऱ्या कागदावर ज्यांनीं अंगठे उठविले होते त्यांना तो कागदच वैरी वाटला. पुढें चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क ऋणकोस मिळाला. त्या शेतकऱ्यांना वाचतां येत नव्हतें. आपल्याला येतें, आणि तरीहि आपण वाचीत नाहीं. मग आपला अपराध त्यांच्याहून मोठा नव्हे काय?

कोणीं कोणतें घ्यावें

कार्ड घेण्यापूर्वीं आपली अवस्था पाहावी, जाहिरात मागाहून पाहावी. पहिलीच नोकरी लागलेल्या मुलानें किंवा मुलीनें वार्षिक वर्गणी नसलेलें एकच कार्ड घ्यावें आणि त्याची मर्यादा एका महिन्याच्या पगाराहून अधिक ठेवूं नये. बँक अधिक मर्यादा देऊं करील. ती कमी करून मागतां येते. वेळेवर फेडीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे होत असते. आपल्या देशांत अशा चार कंपन्या आहेत. त्यांतली सिबिल ही २००० सालीं स्थापन झाली. ३०० पासून ९०० पर्यंत त्या आंकडा देतात, आणि पुढें घरासाठीं कर्ज मागतांना बँक तो आंकडा पाहते. प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एकदां आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवून पाहावा. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आंत खर्च ठेवणें या आंकड्याच्याहि दृष्टीनें हितकर.

वर्गणीचें कार्ड घ्यावें कीं नाहीं, हें त्रैराशिकानें ठरतें. वर्गणी एक हजार असल्यास करासह अकराशें ऐंशी होतात. खरेदीवर शेंकडा एक परत मिळत असेल तर एक लाख अठरा हजारांची खरेदी होईपर्यंत आपण केवळ वर्गणीच भरून काढीत असतों. जो गृहस्थ नोकरीनिमित्त सदैव प्रवास करितो, त्याला प्रवासाच्या सवलती देणारें कार्ड फायद्याचें होईल. जो मुलुंडाहून दादरपर्यंत लोकलनें जातो, त्याला विमानतळावरील आरामकक्षाचा काय उपयोग? आणि बक्षिसाचे गुण मिळावे म्हणून नको ती वस्तु घेणें म्हणजे ताकासाठीं म्हैस पाळण्यासारखें आहे.

गृहिणीच्या नांवें मुख्य कार्डाला जोडलेलें पुरवणी कार्ड मिळतें. तें सोयीचें आहे. परंतु देण्याची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते हें उभयतांनीं आधींच बोलून घ्यावें. महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलालाहि असें कार्ड देतात. त्याचा हिशेब दरमहा त्याच्याकडूनच लिहवून घेतला तर तेंच त्याचें अर्थशास्त्राचें पहिलें पुस्तक होईल. निवृत्तांना नोकरीच्या दाखल्याअभावीं कार्ड मिळेनासें होतें. त्यांनीं मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारें कार्ड घ्यावें. ठेवीवर व्याज चालू राहतें आणि मर्यादाहि आपोआप आवरती राहते. मात्र देणें थकलें तर बँक त्याच ठेवींतून तें वळतें करून घेईल, हें विसरूं नये.

वकील, पुरोहित, कलावंत अशा ज्यांची प्राप्ति महिन्यागणिक बदलते, त्यांनीं खात्यांत रक्कम असेल तेवढ्याचीच खरेदी कार्डावर करावी. ज्याच्या डोक्यावर आधींच कार्डाचें ऋण आहे, त्यानें एक फेडण्यासाठीं दुसरें कार्ड घेऊं नये. त्यानें ठेव मोडावी, पतपेढीचें किंवा सोनेतारणाचें स्वस्त कर्ज काढावें, घरांतल्या माणसांना सांगावें, आणि कार्डाचें देणें आधीं मिटवावें. सांगण्याची लाज वाटते. पण लाज महिन्याला साडेतीन टक्के व्याज मागते, हें मीं अनुभविलें आहे.

वापरण्याची रीत

विवरणाची तारीख आणि देय तारीख यांत अंतर असतें. समजा, विवरण १५ तारखेस निघतें आणि देय तारीख पुढील महिन्याची ५ आहे. १६ जुलैला केलेल्या खरेदीचे पैसे ५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सुमारें पन्नास दिवस बिनव्याजी वापरावयास मिळतात. १४ जुलैच्या खरेदीला फक्त बावीस दिवस मिळतात. मोठी खरेदी कोणत्या दिवशीं करावी हें यावरून समजेल. पण ही सवलत संपूर्ण रक्कम फेडणाऱ्यालाच आहे. मागची बाकी एकदां राहिली कीं, त्यानंतर घेतलेल्या गुळाच्या ढेपेवरहि घेतल्या दिवसापासून व्याज चालू होतें. हें कलम फार थोड्यांना ठाऊक असतें.

म्हणून बचत खात्यांतून देणें आपोआप वळतें करण्याची सूचना बँकेस द्यावी, आणि त्या अर्जांत 'संपूर्ण रक्कम' या चौकटींत खूण करावी. शेजारीच 'किमान रक्कम' अशीहि चौकट असते. चूक तेथेंच होते. कार्डावर रोख रक्कम काढूं नये, कारण तिला बिनव्याजी दिवस नाहींत. शुल्क वेगळें आणि व्याज पहिल्या दिवसापासून. 'बिनव्याजी हप्ते' अशी जाहिरात दिसली तर एकरकमी घेणाऱ्यास मिळणारी सूट, प्रक्रियाशुल्क आणि कर हे तीन आंकडे विचारावे. बहुधा व्याज त्यांतच दडलेलें असतें. २०२२ पासून रुपे कार्ड यू.पी.आय.ला जोडतां येऊं लागलें, आणि दुकानाच्या फळीवरील चौकटीला मोबाइल दाखवून पैसे देतां येऊं लागले. त्यामुळें मिठागर रस्त्यावर घेतलेल्या मेथीच्या जुडीचे पैसेहि उधारीनें जाऊं शकतात. वीस-वीस रुपयांची उधारी महिनाअखेर किती होते याचा अंदाज कोणासहि येत नाहीं. यावर आमच्या घरीं एकच उपाय चालतो: ज्या दिवशीं खर्च त्याच दिवशीं वहींत नोंद, आणि ती रक्कम त्या दिवशींच शिलकेंतून वजा. बँक पैसे मागाहून नेवो. आमच्या हिशेबीं ते गेलेलेच असतात.

ग्राहकाचे हक्कहि जाणून घ्यावे. रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०२२ मध्यें घालून दिलेल्या नियमांनुसार न मागतां कार्ड पाठविणें निषिद्ध झालें. तसें पाठवून आकार लावल्यास तो परत करून त्याच्या दुप्पट दंड ग्राहकास द्यावा लागतो. कार्ड बंद करण्याचा अर्ज आल्यावर, देणें बाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत तें बंद झालें पाहिजे. विलंब केल्यास दर दिवशीं पांचशें रुपये ग्राहकास मिळतात. शुल्क व व्याज यांचे मुख्य मुद्दे एका पानावर लिहून देणें बंधनकारक आहे. तें पान मागून घ्यावें आणि चष्मा लावून वाचावें. वसुलीसाठीं सकाळीं आठापूर्वीं व सायंकाळीं सातानंतर फोन करण्यास मनाई आहे. तक्रार तीस दिवसांत न मिटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागतां येते.

भामट्यांपासून तर आपल्या वयाच्या मंडळींनीं विशेष जपावें. कार्डाची मर्यादा वाढवितों, गुण वाया जात आहेत, असे गोड निमित्त सांगून ते ओ.टी.पी. विचारतात. तो आंकडा कोणालाहि, बँकेचा म्हणविणाऱ्यालाहि, सांगूं नये. परदेशांतील व्यवहार व इंटरनेटवरील खरेदी हीं दारें बँकेच्या ॲपमधून बंद ठेवतां येतात. लागतील तेव्हांच उघडावीं. कांहीं विपरीत घडल्यास तत्काळ बँकेस कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आपली किंवा बँकेची चूक नसतां तिसऱ्याच ठिकाणीं फसवणूक झाली आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळविलें, तर भुर्दंड ग्राहकावर पडूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं ठरवून दिलें. उशीर हाच येथें शत्रु.

आमची काशीयात्रा दोन वर्षें लांबली, पण घडली. आगगाडीचीं तिकिटें मीं त्याच कार्डावर काढलीं, कारण निघण्यास बराच अवधि होता आणि पैसे खात्यांत तयार होते. विवरण आलें तेव्हां मीं एकूण रकमेचा आंकडा मोठ्यानें वाचून दाखविला आणि सौभाग्यवतीसमक्ष ती सगळी रक्कम भरली. तिनें वही उघडली, 'काशी, तिकिटें' असें लिहिलें, पुढें 'फेडलें' असा शब्द लिहून त्याखालीं रेघ ओढली, आणि म्हणाली, "चला, आतां जेवायला बसा."